लेकीच्या नावाने आगाऊ साक्ष

आमच्या घरी जेवणाआधी एक नियम आहे. ताटं वाढायची, डोळे मिटायचे आणि प्रत्येकाने एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. एकच गोष्ट, लांबण लावायची नाही. नियम माझ्या आईने घातला. बायकोने तो इतकी वर्षं पाळला खरा, पण वाकवून वाकवून पार आकडा करून टाकला. ती आभारांनी सुरुवात करते आणि मागण्यांवर येऊन थांबते. "प्रभू, सिलिंडर वेळेवर आला त्याबद्दल आभार, उलव्याच्या फ्लॅटचं तेवढं मनावर घे, आणि यांच्या डोक्यात जरा महत्त्वाकांक्षा घाल." 'हे' म्हणजे मी. समोर तळलेले बोंबील गार होत असतात आणि मी डोळे मिटून माझीच चुगली ऐकत असतो.

बायकोनंतर नंबर लेकीचा. एकुलती एक. लहानपणी तिचे आभार ऐकायला मी खरंच आतुर असायचो. शेजारच्या काकूंच्या मांजरीला पिल्लं झाली, त्याबद्दल आभार. आज कोळंबी मोठी होती, त्याबद्दल आभार. एकदा म्हणाली, "बाबांच्या खिशात खडू असतो, त्याबद्दल आभार." मी डोळे उघडून बघितलं, तर बाईसाहेब अगदी गंभीर. जेवताना मी विचारलं, खडूत काय एवढं? म्हणाली, "तो फक्त मास्तरांकडेच असतो." मी हसलो आणि विसरून गेलो.

शेवटचा नंबर माझा. मी म्हणायचो, "जेवण दिलंस, आभारी आहे, आमेन." संपलं. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवतो. त्या नोकरीबद्दल मी कधी देवाचे आभार मानले नाहीत, आणि देवानेही कधी विचारलं नाही. ज्या पोरांना मी लसावि-मसावि शिकवताना घसा फोडला, त्यांच्या बापांनी मुंबईकरांना प्लॉट विकले. आता ती पोरं शाळेच्या फाटकात मावत नाहीत अशा गाड्यांतून येतात आणि काच खाली करून म्हणतात, "सर, अजून तीच स्कूटर?" दर शनिवारी मांडव्याच्या बोटीतून पांढऱ्या कपड्यातली माणसं उतरतात, मोकळी हवा घेतात, जिताडा खातात आणि रविवारी संध्याकाळी म्हणतात, तुम्ही लोक किती सुखी! मला वाटायचं, या बाबांना एकदा दहावी 'क'च्या वर्गात नेऊन उभं करावं. लेकीला तर ती पाळण्यात असल्यापासून मी एकच पालुपद ऐकवलेलं: "काहीही हो बाई, पण मास्तरकी करू नकोस."

आणि मग बारावीच्या वर्षात एके दिवशी लेकीचा नंबर आला आणि ती फक्त म्हणाली, "पुढे."

म्हणजे माझं राहू द्या, पुढच्याने बोला. पहिल्या दिवशी वाटलं दमली असेल, पनवेलला मेडिकलच्या क्लासला जाऊन येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा "पुढे". मग रोजच. बायको म्हणाली, अभ्यासाचं टेन्शन आहे, सीट मिळाली की बोलेल. मला ते पटत नव्हतं. पोरगी जेवायची, क्लासला जायची, रविवारी चर्चमध्ये लहान मुलांची शाळा घ्यायची, विचारलं तर हो-नाही करायची. पण आभार नाहीत, तक्रार नाही, हट्ट नाही. घरातलं एक माणूस हळूहळू दार लावून घेतंय, आणि आपण बाहेर उभे. ती पुन्हा तोंड उघडेल का, एवढाच खरा प्रश्न होता. बाकी जे झालं तो आमच्या मंडळीचा नेहमीचा कारभार.

आमची मंडळी म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसांचं एक कौलारू चर्च आणि ते भरेल न भरेल इतकी कुटुंबं. दर गुरुवारी कोणाच्या तरी घरी आळीपाळीने घरप्रार्थना असते. दोन गीतं, बायबलमधलं एक वचन, मग साक्ष, मग विनंत्या, मग चहा. साक्ष म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. माझ्या वडिलांच्या काळात लोक सांगायचे की दारू सुटली, भावाशी अबोला होता तो मिटला, आजारपणातून उठलो. आता साक्षी ऐकल्या की देवाने इस्टेट एजंटचं लायसन काढलंय की काय अशी शंका येते. "प्रभूने आम्हाला कॉर्नरचा फ्लॅट दिला." "प्रभूने जावयाला कॅनडाचा व्हिसा दिला." "प्रभूने सात सीटर दिली, तीही सनरूफवाली." हालेलुया! ज्याच्याकडे सांगायला काही नाही तो बिचारा चहाची वाट बघत मान खाली घालून बसतो. मी कायम त्यातला.

विनंत्यांचं तर विचारूच नका. तिथे देवाला बातम्या पुरवल्या जातात. "प्रभू, आमच्या एका बहिणीची सून माहेरी निघून गेलीय, तू जाणतोस, चर्चच्या मागच्या गल्लीतलं तिसरं घर." देव जाणतो, मग पत्ता कोणासाठी?

चहा-बिस्किटाचाच नियम होता म्हणे. पण एका घराने समोसे ठेवले, दुसऱ्याने त्यावर ढोकळा चढवला, आणि बघता बघता घरप्रार्थनेत चिकन बिर्याणी शिरली. पाळकसाहेब भले गृहस्थ, त्यांनी महिनाभर 'समाधान' या एकाच विषयावर उपदेश केले. फार मनापासून केले. आणि दर रविवारी उपदेश संपला की मंडळीचे सेक्रेटरी उठून एसीच्या फंडाची आठवण करून द्यायचे.

हे सेक्रेटरी एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. मंडळी डेपोसारखी चालवतात. गीत लांबलं की घड्याळाकडे बघतात. त्यांनीच एकदा मुंबईच्या एका प्रचारकाला बोलावलं. प्रचारक कडक इस्त्रीचा, बोटीने आला तरी घडी न मोडलेला. त्याने शिकवलं की देवाने दिल्यावर आभार कोणीही मानेल, खरा विश्वास म्हणजे मिळण्याआधीच साक्ष द्यायची. 'मिळो' नाही म्हणायचं, 'मिळालं' म्हणायचं. मंडळी भारावून गेली. दुसऱ्याच गुरुवारी एकाने गाडीची साक्ष दिली आणि गाडी ठेवायला अंगणातलं लिंबाचं झाड तोडून टाकलं. गाडी आली सुद्धा! बँकेने कर्ज दिलं, पण बँकेचं नाव साक्षीत घेत नाहीत. झालं, आगाऊ साक्षींचा पूर आला. सेक्रेटरींनी नियमही करून टाकला की एकदा मंडळीसमोर दिलेली साक्ष मागे घेता येणार नाही. तिकीट फाडलं की फाडलं.

माझी बायको उभी राहिली तेव्हा मला वाटलं, आता फ्लॅट. पण ती म्हणाली, "आमच्या लेकीला मेडिकलची सीट मिळालेली आहे. सरकारी कॉलेजात. प्रभूची स्तुती असो." परीक्षा व्हायची होती. मी बायकोचा पदर ओढला, तिने माझा हात झटकला. टाळ्या पडल्या. मी लेकीकडे बघितलं. ती मांडीवर एका लहान मुलाला घेऊन बसली होती, त्याच्या बुटाची नाडी सोडत होती, परत बांधत होती.

लेक लहान पोरांना घरी सोडायला मागे राहिली. घरी येताना मी बायकोला म्हटलं, "अगं, पोरीला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं? तिच्या भल्याचंच मागितलं ना?" ती स्कूटरवर मागून म्हणाली. "तुम्हाला विचारत बसले असते तर लग्नसुद्धा झालं नसतं आपलं."

हे मात्र खरं होतं. आणि तिच्यावर चिडावं तरी कसं? ती पतपेढीत कॅशियर आहे. दिवसभर काचेच्या पलीकडून लोक तिला आपापल्या पोरांची प्रगती ऐकवतात. कोणाची पोरगी पुण्यात, कोणाचा पोरगा जर्मनीत. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिचा चेहरा असा झालेला असतो की मीच तिच्या हातात चहा देतो.

तर साक्षीचा गावभर गवगवा झाला. मंडळीतला नियम आगाऊपणाचा आहे हे बाहेरच्यांना कसं कळणार? त्यांना वाटलं, सीट मिळालीच. शेजारच्या आगरी काकू, त्यांच्या गुडघ्याने कधीचा दावा मांडलाय, त्या कुंपणावरून ओरडल्या, "बाय, डाक्टरीन झालीस ना गो? माजा गुडगा बग जरा!" लेक काही न बोलता गेली आणि त्यांना तेल चोळून देऊन आली. मग ती रोजच जायला लागली. घरी मुकी, आणि काकूंच्या ओटीवर मात्र तिचं हसू ऐकू यायचं. मला काकूंचा हेवा वाटायला लागला, खोटं कशाला सांगू.

महिला मंडळाने तर कहर केला. वर्गणी काढून स्टेथोस्कोप आणला. त्यावर सगळ्यांनी हात ठेवून प्रार्थना केली आणि वाजतगाजत आमच्या घरी पोहोचवला. बायकोने तो शोकेसमध्ये ठेवला, काचेच्या हंसांच्या मधोमध. जेवायला बसलं की तो माझ्या बरोबर समोर यायचा. सीट मिळाली म्हणून उपकारस्तुतीचा गुरुवारही आमच्या घरी ठरला. निकाल लागल्यानंतरचा पहिलाच गुरुवार.

निकाल लागला. मार्क वाईट नव्हते. पण सरकारी कॉलेज सोडा, त्याच्या कँटीनमध्येही बसू देणार नाहीत इतपत होते. बायकोने मोबाइल परत परत बंद-चालू केला, जणू नेटवर्कची चूक आहे. मग तो बाजूला ठेवून जमिनीवर बसली. लेक तिच्या शेजारी बसली, पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी सेक्रेटरी हजर. चप्पल काढण्याआधी म्हणाले, "देवाच्या बाजूने तर काम झालेलं होतं. म्हणजे गळती तुमच्याकडे आहे." आणि पाण्याची टाकी तपासावी तसे घरभर बघायला लागले. "घरात काही अडखळण? परक्या देवाचं काही? प्रसाद वगैरे खाल्लात?"

माझं डोकं आधीच फिरलं होतं. म्हटलं, "खाल्ला की. गणपतीत काकूंकडचे उकडीचे मोदक खाल्ले, अगदी तुपाची धार सोडून. आणि ईदला पलीकडच्या घरातला शीरखुर्माही खाल्ला, त्यांचा मुलगा दुबईहून खजूर घेऊन आला होता. आता तुम्हीच सांगा, सीट मोदकाने अडवली की शीरखुर्म्याने?"

"थट्टा नको सर," ते म्हणाले. "साक्ष दिलीय मंडळीसमोर."

"आमच्या काकूंचे मोदक तुम्हीही खाल्लेत," मी म्हटलं. "तुमच्या पोराला तर कंपनीत परमनंट केलं." ते ताडकन उठले आणि चहा न घेताच निघून गेले. त्यांनी चहा सोडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बायको आता घरप्रार्थना रद्द करण्याच्या मागे लागली. "ताप आलाय म्हणून कळवून टाका."

"कोणाला?"

"कोणालाही येऊ दे!" ती ओरडली आणि रडायला लागली. "तोंड कसं दाखवू हो मी? सगळ्या बायका स्टेथोस्कोपकडे बघणार." मग डोळे पुसून म्हणाली, नाहीतर असं करू, बिर्याणी करू. चांगली मटणाची. अपयश पोह्यांनी झाकलं जात नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "घरप्रार्थना होऊ दे." कित्येक महिन्यांत लेकीने स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. "आणि पोहेच कर," ती म्हणाली.

गुरुवारी घर खच्चून भरलं. एरवी जे दांड्या मारतात तेही आले होते, चांगल्या जागा धरून. काकूही आल्या होत्या, दाराशी पाय लांब करून बसल्या. दोन गीतं झाली. वचन झालं. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "आता साक्ष. कोणाला काही सांगायचं असेल तर." सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि कान टवकारले. बायकोने माझं मनगट असं धरलं होतं की नखं रुतली. मी आमच्या शोकेसकडे बघितलं. स्टेथोस्कोप तिथे नव्हता.

तो लेकीच्या हातात होता. ती उभी राहिली. वाटलं, ही आता सगळ्यांसमोर माफी मागणार. मनात म्हटलं, देवा, तिला माफी मागायला लावू नकोस, मी तुझ्याकडे कधी काही मागत नाही, एवढं ऐक.

"मला साक्ष द्यायचीय," ती म्हणाली. "देवाने माझी प्रार्थना ऐकली."

कोणाला काही कळेना. सेक्रेटरी म्हणाले, "अगं, पण सीट तर..."

"हो. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मला रक्त बघवत नाही, आणि ते शिकून घ्यायचीही इच्छा नाही. घरी सांगायची हिंमत नव्हती, म्हणून देवाला सांगत होते. रोज. तुम्ही सगळे मिळून सीट मागत होतात, उपास करत होतात, आणि मी एकटी म्हणत होते, देऊ नकोस. मला भीती वाटायची. एवढी मोठी माणसं एका बाजूला, माझं कशाला ऐकेल तो? म्हणून जेवताना आभार मानता येईनात. तोंडाने एक आणि मनात एक, ते जमेना मला." तिने स्टेथोस्कोप दुसऱ्या हातात घेतला. "पण त्याने माझं ऐकलं."

खाली घातलेल्या सगळ्या माना वर आल्या.

"पेपर मुद्दाम खराब लिहिलास?" सेक्रेटरींनी अगदी कंट्रोलरच्या आवाजात विचारलं.

"नाही काका. प्रामाणिकपणे लिहिला. येत होतं तेवढं सगळं लिहिलं. मुद्दाम नापास झाले असते तर ती साक्ष कशी झाली असती?"

आता आली का पंचाईत! प्रार्थना केली, ती ऐकली गेली, मंडळीसमोर साक्ष दिली. नियमाप्रमाणे सगळं चोख. हालेलुया म्हणावं तर आपल्या सगळ्यांच्या उपासांवर पाणी, न म्हणावं तर देवाने केलेल्याला नाही म्हणायचं. शेवटी दाराशी बसलेल्या काकूच बोलल्या. "व्हय बाय! आयकला ना देवानी! मंग टाल्या वाजवा की, बगताय काय?" आणि स्वतःच वाजवायला लागल्या. मग एकेकाने सुरुवात केली. सेक्रेटरींनीही वाजवल्या, घड्याळाकडे बघत.

"मग करायचं काय ठरवलंयस?" महिला मंडळातून कोणीतरी विचारलं. फुकटचा गेलेला स्टेथोस्कोप त्यांच्या डोळ्यांत दिसत होता.

लेकीने माझ्याकडे बघितलं. "बाबा करतात तेच," ती म्हणाली. "मला शिकवायचंय. रविवारच्या शाळेत मला इतकं बरं वाटतं, तेवढं कुठेच वाटत नाही. बाबा म्हणतात मास्तरकी करू नकोस. पण लहानपणापासून मी एकच माणूस बघितलाय, ज्याला रस्त्यात कोणीही भेटलं तर गाडी थांबवून काच खाली करतं आणि सर म्हणतं."

इतकी वर्षं ती खाली होणारी काच मी वेगळ्याच नजरेने बघत आलो होतो. माझ्या पोरीने तीच बघितली होती, स्कूटरवर माझ्या पुढ्यात उभं राहून.

पोहे संपले. कोणी बिर्याणीची चौकशी केली नाही. स्टेथोस्कोप परत घ्यायला महिला मंडळ तयार होईना, तुमच्याकडेच राहू द्या म्हणायलाही तयार होईना. शेवटी लेकीने तो रविवारच्या शाळेत नेला. आता तिथली पोरं उपदेश चालू असताना एकमेकांची छाती ऐकत बसतात आणि मोठ्याने ओरडून सांगतात, "टीचर, याचं चालू आहे!"

त्या रात्री माणसं गेल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो. वरण-भात आणि पांढरा कांदा, दुसरं काही करायचं त्राण नव्हतं. डोळे मिटले. बायकोने सुरुवात केली, "प्रभू..." आणि थांबली. मी वाट बघत राहिलो, फ्लॅट येईल, माझी महत्त्वाकांक्षा येईल. काहीच येईना. शेवटी ती म्हणाली, "पुढे."

लेक म्हणाली, "देवा, आई रागावली नाही, त्याबद्दल आभार. आणि रागावली असेल तर तसं सांगेल, त्याबद्दलही."

"रागावलेय," बायको हुंदका देत म्हणाली. "मला का नाही सांगितलंस गं?" आणि डोळे मिटलेलेच ठेवून तिने लेकीचा हात चाचपडून धरला.

मग माझा नंबर. जेवण दिलंस, आभारी आहे, एवढं ओठांवर आलं होतं. पण निघालं ते निराळंच. "देवा, तू मला मास्तर केलंस, त्याबद्दल आभारी आहे."

मग बायकोने डोळे न उघडताच विचारलं, "खरं बोलताय, की साक्ष देताय?"

"खरं," मी म्हटलं.

"मग आमेन म्हणा आणि भात घ्या. निवलाय सगळा."